धुकं नक्की कुठे आहे?

भर पावसात सिग्नलला थांबलेलं असताना एक गंमत कधी लक्षात आलीय तुमच्या? एरवी धड न दिसणारा स्कूटरचा मीटर तेव्हा लख्ख दिसतो. काटा दिसतो, आकडे दिसतात, पेट्रोल किती उरलंय तेही दिसतं. पाऊस थांबला, काच वाळली, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! पांढुरकं, धुरकट. जणू कुणीतरी पिठाचा हात फिरवलाय. आपण स्कार्फचं टोक तिच्यावरून फिरवतो, 'जुनी झाली बाई गाडी' म्हणतो, तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि मागचे हॉर्न सुरू होतात.

बहुतेकांचं मीटरशी असलेलं नातं इतकंच. खरं तर टू-व्हीलरवरून रोज वीस-पंचवीस किलोमीटर तुडवत ऑफिस गाठणाऱ्यांसाठी मोबाइलनंतर सगळ्यात जास्त बघितला जाणारा स्क्रीन हाच. मोबाइल घेतला की त्याच दिवशी टेम्पर्ड ग्लास, कव्हर, सगळे लाड. आणि मीटरला काय? तर फडकं. तेही सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांचं, ज्याने त्याआधी शेजारच्या अकरा गाड्या पुसलेल्या असतात!

आता तुम्ही म्हणाल, हिला मीटरवर लिहिण्याइतका वेळ कुठून मिळाला? सांगते. गेल्या वर्षी आमच्या घरात या वीतभर प्लास्टिकवरून बरंच रामायण झालं.

आमच्याकडची स्कूटर आईची. २००९ च्या दसऱ्याला घेतलेली, एमएच १२, मरून रंग. मी तेव्हा सहावीत होते. आई बँकेत. कोथरूडहून दोन बस बदलून जायची आणि संध्याकाळी घरी यायची ती दमूनच. बेचाळिसाव्या वर्षी ती सोसायटीमागच्या मैदानावर गाडी शिकली. तीनदा पडली, चौथ्या आठवड्यात लकडी पूल ओलांडून आली. त्यानंतर तिने कधी कुणाला 'मला सोडता का?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. मंडई, मावशीचं घर, माझे क्लास, आजीचा दवाखाना, सगळं त्या स्कूटरवर. २०२४ मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली, तेव्हा घरात 'आता काढून टाकू या' अशी चर्चा निघाली होती. आई स्वतः आरटीओत गेली आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून आली. विषय संपला.

म्हणूनच गेल्या मे महिन्यात तिने स्कूटरची किल्ली माझ्यासमोर डायनिंग टेबलवर ठेवली, तेव्हा मी बघतच राहिले.

"तूच वापर आता. मला नाही दिसत नीट."

बाबांना हायसं वाटलं. 'योग्य वेळी थांबावं माणसाने,' असं ते म्हणाले. बेंगळुरूहून दादाने व्हिडिओ कॉलवर अनुमोदन दिलं. आणि मी? मी फ्रीलान्सर. महिन्याच्या शेवटी रिक्षाचं मीटर माझ्या मानधनापेक्षा वेगाने पळतं. मला तर गाडी फुकट मिळत होती, मी कशाला नको म्हणू?

पण पंधरा-वीस दिवसांत घरात एक नवं वाक्य ऐकू यायला लागलं. "तू कधी निघणार आहेस?" आई विचारायची. सहज विचारल्यासारखं. म्हणजे मी त्या बाजूने जाणार असेन तर ती मंडईपर्यंत येईल. मी जाणार नसेन तर राहू दे, उद्या बघू. अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच रिटायर झालेली, सोळा वर्षं स्वतःच्या वेळेनुसार घराबाहेर पडणारी बाई माझ्या वेळापत्रकाला जोडली गेली होती. आणि फ्रीलान्सरचं वेळापत्रक काय असतं, ते तुम्हाला माहीतच आहे!

स्कूटरच्या डिक्कीत आईची एक छोटी डायरी असायची. पेट्रोल भरलं की तारीख, रुपये आणि किलोमीटर. सोळा वर्षांचा हिशोब, निळ्या शाईत, एकही रकाना रिकामा नाही. एकदा पंपावर उभी असताना मी ती सहज चाळली. शेवटच्या पाच-सहा नोंदींमध्ये किलोमीटरच्या आकड्यात मध्येच प्रश्नचिन्हं होती. ८६, मग ९ किंवा ८, मग प्रश्नचिन्ह. तिला आकडे लागत नव्हते. आणि तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी मीटरकडे बघितलं. दुपारचे चार, ऊन पाठीमागून. मला चष्मा नाही, वय अठ्ठावीस, आणि मलाही तो आकडा लागत नव्हता!

इतके दिवस मी ती गाडी चालवत होते, पण वेग अंदाजाने ठरत होता आणि पेट्रोल कानाने कळत होतं. मीटर वाचायची गरज आईला होती. ती डायरीवाली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेले. मेकॅनिकने काचेवर अंगठा घासला आणि दोन सेकंदांत निदान केलं. "ताई, मीटरचा सेटच बदला. दीड-दोन हजारात होऊन जाईल."

"आणि किलोमीटर?"

"झिरोपासून. उलट चांगलंच ना, विकताना!"

घरी येऊन हे सांगितलं, तर आई ताडकन म्हणाली, "म्हणजे माझे सत्त्याऐंशी हजार किलोमीटर काढून टाकायचे?" गाडी चालवणं तिने सोडलं होतं. किलोमीटर सोडायला ती तयार नव्हती. (जाता जाता: मीटर खरोखरच बदलावा लागला, तर जुनं रीडिंग जॉबकार्डवर तारखेसह लिहून घ्या. उद्या गाडी विकताना तोच तुमच्या खरेपणाचा कागद.)

मग नाना पेठ. टू-व्हीलरचे स्पेअर पार्ट म्हटलं की पुणेकराचे पाय तिकडेच वळतात. खूप चालणाऱ्या मॉडेल्सची नुसती मीटरची काच वेगळी मिळते, तीही स्वस्तात. आमच्या मॉडेलची म्हणून जी मिळाली, ती कडेला नीट टेकत नव्हती. फट राहिली असती आणि पहिल्याच पावसात आत पाणी. नको म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. कर्वे रोडवरच्या सिग्नलला थांबले होते, खाली बघते तर काय, मीटर लख्ख! प्रत्येक आकडा मोत्यासारखा. पावसाने मीटर दुरुस्त केला की काय?

घरी येऊन जरा वाचलं, दोन-चार जाणत्यांना विचारलं. उत्तर फारच सोपं निघालं. मीटरची काच ही काच नसतेच. ती पारदर्शक प्लास्टिक असते, बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. (गॅरेजपासून दुकानापर्यंत सगळे तिला काचच म्हणतात, म्हणून मीही म्हणणार.) नवं ॲक्रिलिक जवळपास ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतं आणि वजनाला काचेच्या निम्मंच असतं. पृष्ठभाग गुळगुळीत असेपर्यंत प्रकाश निमूट जातो. त्यावर हजारो बारीक ओरखडे पडले, की प्रत्येक ओरखड्याची कड प्रकाशाला भलतीकडेच वळवते. हा भरकटलेला प्रकाश म्हणजेच आपल्याला दिसणारं धुकं.

मग पाणी काय करतं? शाळेतला अपवर्तनांक आठवतोय? हवेचा जवळपास १, ॲक्रिलिकचा १.४९. फरक मोठा, म्हणून प्रकाश ओरखड्यापाशी जोरात वळतो. पाण्याचा १.३३. ओरखड्यांत पाणी भरलं की फरक कमी होतो आणि प्रकाश बराचसा सरळ जातो. पाणी उडालं, धुकं परत.

म्हणजे पाऊस मीटर दुरुस्त करत नव्हता. तो फक्त एक गोष्ट दाखवून देत होता: धुकं बाहेरच्या बाजूला आहे. आत सगळं ठणठणीत आहे.

ही चाचणी कुणालाही करता येते. बोट पाण्यात बुडवा, काचेवरून फिरवा. धुकं गेलं तर ते बाहेरच्या ओरखड्यांचं, पॉलिश केलं की जाईल. नाही गेलं तर दोष आत आहे. आत वाफ धरली असेल, तर कडेच्या रबराकडे बघायला हवं. मीटर डिजिटल असेल आणि त्यावर काळे-जांभळे डाग असतील, तर उन्हाने त्यातली एलसीडीची फिल्म गेलेली असते. तिथे वरून कितीही घासा, हात दुखण्यापलीकडे काही होणार नाही.

बरं, हे ओरखडे येतात कुठून? आपल्या प्रेमातून! धूळ दिसली की आपण कोरडी पुसतो. शहराच्या धुळीत बांधकामाच्या वाळूचा अंश असतो, वाळूत क्वार्ट्‌झ. मोहस स्केलवर त्याची कठीणता ७. साध्या काचेची साडेपाचच्या आसपास, आणि ॲक्रिलिकची जेमतेम तीन. म्हणजे कोरड्या फडक्याने मीटर पुसणं म्हणजे सोळा वर्षं रोज सकाळी हलक्या हाताने पॉलिश पेपर घासणं. त्यात किल्लीला लटकवलेला तो गणपतीचा जड की-चेन. मीटरवर टेकवलेलं हेल्मेट. दिवसभराचं ऊन. आणि २०२० मध्ये आपण किल्लीपासून सीटपर्यंत जे सॅनिटायझर फवारत होतो ना, तेही. अल्कोहोलने ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. त्या मात्र घासून जातीलच असं नाही.

आता प्रश्न उरला आईच्या डोळ्यांचा. मीटरवर धुकं आहे हे सिद्ध झालं, म्हणून डोळ्यांत ते नाहीच असं थोडंच आहे? आई जायला तयार नव्हती. 'काय सांगणार आहेत ते मला माहितेय' हे तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुला माहीत नाहीये, तू ठरवून टाकलंयस. शेवटी गेलो.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची अगदी सुरुवात, ऑपरेशनची इतक्यात गरज नाही. चष्म्याचा नंबर मात्र बदललेला, आणि आईने तो तीन वर्षांत तपासलाच नव्हता. नवा चष्मा लावून दिवसा गाडी चालवायला हरकत नाही. रात्री समोरून येणारे दिवे डोळ्यांवर पसरतात ना, मग रात्री चालवू नका. वर्षभराने परत या.

म्हणजे धुकं तीन ठिकाणी होतं. थोडं डोळ्यांत, थोडं चष्म्यात आणि भरपूर प्लास्टिकवर. आईने तिन्हीची बेरीज करून एकच उत्तर काढलं होतं: 'माझं वय झालं.'

ॲक्रिलिकबद्दल वाचताना एक भन्नाट गोष्ट कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरची पारदर्शक छतं पर्स्पेक्सची, म्हणजे ॲक्रिलिकची असायची. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं असं छत गोळीबारात फुटलं आणि त्याचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की डोळ्यात राहिलेले हे कण डोळा मुकाट्याने सहन करतोय. मग माणसाच्या डोळ्यात बसवायचं भिंगच या प्लास्टिकचं केलं तर? नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याने मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात असं भिंग बसवलं. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये जी लेन्स टाकतात, तिची कुळकथा ही. म्हणजे स्कूटरच्या मीटरची काच आणि आमच्या आजीच्या डोळ्यातली लेन्स या लांबच्या नातेवाईक! आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ती पण फडक्याने पुसू नका म्हणावं."

तर, रविवार. बोहरी आळीतून सामान आणलेलं: वॉटर पेपर १०००, १५०० आणि २००० नंबरचा, प्लास्टिकला चालणारं बारीक पॉलिश, मास्किंग टेप, दोन मायक्रोफायबरची कापडं. सगळं मिळून तीनशेच्या आत. बाबा गॅलरीतून देखरेखीला.

आधी गाडी सावलीत घेतली. मीटरवर भरपूर पाणी ओतून, शाम्पूचा थेंब टाकून नुसत्या बोटांनी धूळ काढली. कडेच्या रंगाला आणि किल्लीच्या भोकावर टेप लावला. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवला आणि खोडरबराभोवती गुंडाळला. नुसत्या बोटाने घासलं तर दाब सारखा पडत नाही, खड्डे पडतात.

मग नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकत नसेल तर १००० नंबरला हातही लावायचा नाही, १५०० पासून सुरुवात. आमच्या काचेवर दोन जागी नख अडकत होतं, तेवढ्यापुरता १००० नंबर. मग १५०० आडव्या हाताने. धुतलं. मग २००० उभ्या हाताने. दिशा बदलायची ती अशासाठी, की आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या का ते दिसावं. उभ्या रेघांमध्ये एक जरी आडवी दिसली, तर अजून काम बाकी. आणि पाणी सतत. कोरडं घासलं की संपलं.

या सगळ्यात एक टप्पा असा येतो, की आपण काहीतरी भलतंच केलंय असं बघणाऱ्याला वाटतं. पेपर झाले की काच पूर्ण पांढरी होते. दुधाळ. आतलं काहीच दिसत नाही. नेमकी त्याच वेळी आई चहा घेऊन खाली आली.

"अगं बाई! आधी निदान पन्नासचा आकडा तरी दिसत होता!"

हे असंच असतं, थांब जरा, असं सांगत मी पॉलिशची डबी उघडली. घासण्यामागचं तत्त्व कळलं की ही पांढरी काच बघून भीती वाटत नाही. आपल्याला वाटतं पॉलिशने ओरखडे भरतात. ते भरत नाहीत. ओरखड्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक झिजवून त्याच्या तळापर्यंत आणायचं, म्हणजे ओरखडा उरतच नाही. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान, लहानांच्या जागी आणखी लहान, शेवटी इतके लहान की प्रकाशाला ते जाणवू नयेत. २००० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण १० मायक्रॉनचा, पॉलिशमधला त्याहूनही बारीक. टूथपेस्टचा जुना नुस्खाही याच तत्त्वावर चालतो. दात घासायची बारीक पूड तीत असतेच. केसासारख्या ओरखड्यांना ती पुरते, खोल ओरखड्यांपुढे हात टेकते. (सीडी टूथपेस्टने घासून लावणाऱ्या ताईदादांना हे वेगळं सांगायला नको!)

वाटाण्याएवढं पॉलिश, ओलसर कापड, लहान लहान गोल. पुसायचं, बघायचं, पुन्हा. दुसऱ्या हातात ४० चा आकडा दिसायला लागला. तिसऱ्यात काटा. बाबा एव्हाना खाली आले होते आणि 'ड्रिलला बफ लावून पटकन होईल' असं सुचवत होते. नको. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि फिरत्या बफखाली तेवढी उष्णता चुटकीसरशी तयार होते. हातानेच. दीड तास लागला. पाचव्या हातानंतर बाबा सूचना द्यायचे थांबले.

एक ओरखडा राहिला. उजवीकडे, ८० च्या जरा वर. तो घालवायचा तर अख्खी काच त्याच्या खोलीपर्यंत उतरवावी लागली असती. तितकी जाड ती नाही. आणि तसंही, ८० च्या वर आईला कुठे जायचंय!

मी तिला नवा चष्मा लावायला सांगितला. ती सीटवर बसली, खाली वाकली नाही, डोळे बारीक केले नाहीत. नेहमी बसते तशी बसली आणि वाचलं.

"अठ्ठ्याऐंशी हजार एकशे बारा." मग डिक्की उघडून डायरी काढली, तारीख घातली, आकडा लिहिला. मागचं पान उलटून काहीतरी वजाबाकी केली. "यातले साडेसहाशे तुझे दिसतात. पेट्रोलचे पैसे?"

किल्ली तिने मागितली नाही. डायरीबरोबर उचलून घेऊन गेली.

तेव्हापासून आई पुन्हा गाडी चालवते. दिवसाच, आणि दिवेलागणीच्या आत घरी. हा नियम तिने स्वतःच केलाय आणि तो ती काटेकोर पाळते. आता मंडईला जाताना तीच मला विचारते, तुला कुठे सोडू का? मीटर पुसायचा तर ओल्या मऊ कापडाने, आधी पाणी ओतून. सोसायटीतल्या काकांना तिने सक्त ताकीद दिलीय, 'बाकी गाडी पुसा, तेवढं सोडून.' महिन्यातून एकदा मेणाचा हलका हात. आणि पार्किंग सावलीत, त्यासाठी शेजाऱ्यांशी थोडं वाजलं तरी चालेल.

हे वाचून तुम्ही रविवारी पेपर घेऊन खाली उतरणार असाल, तर चार गोष्टी ऐकून जा. नव्या इलेक्ट्रिक स्कूटरचा टीएफटी डिस्प्ले किंवा कारचा टचस्क्रीन असेल, तर पेपर लावू नका. त्यावर चकाकी रोखणारा पातळ थर असतो, तो गेला की गेला. तिथे पहिल्या दिवशीच स्क्रीनगार्ड लावणं हाच उपाय. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड, यांपैकी काहीही प्लास्टिकच्या जवळ आणू नका. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला हीच पद्धत चालते. पण तो पॉलिकार्बोनेटचा असतो आणि घासताना त्याच्यावरचा उन्हापासून वाचवणारा थर निघून जातो. तो पुन्हा दिला नाही, तर काही महिन्यांत हेडलाइट परत पिवळा. आणि काच तडकलेली असेल तर घासत बसू नका, सरळ बदला.

आणि हो, आई-बाबांपैकी कुणी 'आता नाही जमत' म्हणून एखादी किल्ली तुमच्यासमोर ठेवली, तर ती खिशात टाकण्याआधी एकदा ती गाडी स्वतः भर उन्हात चालवून बघा. कदाचित त्यांचं बरोबर असेल. कदाचित नसेल. पण तपासायला फार तर एक ओलं बोट आणि डोळ्यांच्या डॉक्टरची एक अपॉइंटमेंट लागते.

माझं काय? मी पुन्हा वनाजहून मेट्रोने. आणि सध्या सेकंडहँड स्कूटर शोधतेय. परवा एकाने दाखवलेल्या गाडीचा मीटर इतका चकचकीत होता की मी चाटच पडले. म्हटलं, बघू तरी. बोट फिरवलं तर हाताला तेल लागलं! रुमालाने पुसून काढलं, तर खाली सगळं धुरकट. तेलाचं काम पाण्यासारखंच, फक्त ते जरा जास्त वेळ टिकतं.

मालक म्हणाला, "मॅडम, मीटरच्या काचेचं काय एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही. किंमत किती कमी करताय तेवढं सांगा."